पाचव्या फळीची बेंबी

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

आधी एक दुरुस्ती. दिवाळीच्या आधीच्या एका पानावर मी लिहिलं आहे की गोव्याला गेलेली, लाटांवर उभं राहून घसरायची आमची पाचवी फळी वाळूवर उन्हात ठेवली होती आणि तिथेच फुगून फाटली. माझ्या भावाने, नीलेशने, फोनवर जे ऐकलं ते मला सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. ते चूक आहे. पान फाडत नाही, पण त्यावर आडवी रेघ मारली आहे.

खरं असं, की फळी पाण्यात उघडली. डाव्या कडेचा सांधा सुटला. पुण्याचा एक कॉलेजातला मुलगा तेव्हा तिच्यावर उभा होता. तो पडला, सुटलेली कड त्याच्या कपाळाला लागली आणि टाके घालावे लागले. हे आज पीयूषदादाने स्वतः येऊन सांगितलं. दादा माझ्या आत्याचा मुलगा, गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात काम करतो आणि आमच्या फळ्या तिथल्या दुकानात तोच देतो.

डावा सांधा मी जोडला होता. उजवाही मीच, पण तो टिकला.

मी विचारलं, फळी परत आणली काय. दादा म्हणाला, "काय आणायची? तिथंच फेकली. पाहून काय करशील, उगाच जीव जळन तुहा." मी त्या मुलाचं नाव विचारलं, म्हणजे निदान पत्र लिहून माफी मागता येईल. तर म्हणाला, "नाव कशाले पायजे? त्यानं तक्रार नाई केली, हेच लय झालं."

बाबा चाकाचा आरा तासत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "लाकूड आहे. होते असं." मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आई म्हणाली, आता काही दिवस हे काम राहू दे. मग ठरलं की सांधे आणि घडण दोन्ही नीलेश करेल, सिंदीच्या शेडमध्ये. आतापर्यंत तो तिथे फक्त काचकापड आणि रेझीनचा शेवटचा थर चढवत होता. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्या मुलाचं कपाळ बरं होईपर्यंत सोमवार धरायचे ठरवले आहेत. घरात कारण सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, बुधवार

हात रिकामे आहेत म्हणून आठवून लिहिते. कुठे चुकलं ते कदाचित सापडेल.

मागच्या उन्हाळ्याआधी दादा दोन तुकडे झालेला एक बोर्ड घेऊन आला होता. आतून पांढरा फोम, वरून काच चढवलेली. अमेरिकेत असा फोम करणारा एक मोठा कारखाना एकाएकी बंद पडला, बोर्ड मिळेनात, म्हणून लोक पुन्हा लाकडाकडे वळत आहेत, असं त्याने सांगितलं. बाबांनी तुकडा हातात तोलला आणि हसले. बैलबंडीची चाकं करण्यात त्यांचा जन्म गेला. आता सगळ्यांना रबरी टायरच्या बंड्या हव्यात. मधला तुंबा, आरे आणि बाहेरची लोखंडी धाव करून घ्यायला शेजारचे डोमाजीकाका सोडले तर कोणी येत नाही.

अक्षरं मी शाळेआधी बाबांकडूनच शिकले, रंधलेल्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने. रोज फळी रंधून कोरी करायचे आणि म्हणायचे, लिही. त्यामुळे मला अजून वाटतं की चुकलेलं लिहिलं की तासून काढता येतं.

पहिली फळी आम्ही चाकासारखी केली. उन्हाळ्यात लाकूड आटतं, धाव ढिली होते, म्हणून चाक पाण्यात भिजत घालतात. लाकूड फुगतं आणि सांधे आवळून बसतात. बाबा म्हणाले, हिलेही तसंच भिजव. मी सिमेंटच्या हौदात भिजवली. ती आवळली नाही, केळीच्या सालीसारखी सुटत गेली. डोमाजीकाका बैलांना पाणी पाजायला आले होते. ते म्हणाले, "पुंडलिकराव, पोरीनं बंडी केली का भजी केली?" बाबा त्या दिवशी जेवताना मधेच हसत होते.

दुसरी भिजवली नाही. शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, आत बरगड्या, पूर्ण पोकळ आणि चहूबाजूंनी बंद. मे महिन्यात टिनाखाली उभी ठेवली होती. भर दुपारी उखळी फुटल्यासारखा आवाज झाला. आतली हवा तापून फुगली आणि तिने पाठ फोडली. तेव्हा मी तिसरीला वरच्या अंगाला एक भोक ठेवलं आणि त्यात पितळेचा स्क्रू बसवला. जमिनीवर असताना उघडा, पाण्यात जाताना बंद. बाबांनी त्याचं नाव ठेवलं बेंबी. "आता ही जित्ती झाली," म्हणाले.

तिसरी गोव्याला चांगली चालली. चौथीचा स्क्रू लावायला एक जण विसरला आणि तिच्यात पाणी भरलं. दादा तेव्हा फार चिडला होता. पाचवी मी बेंबीसकट करून सिंदीला पाठवली. त्याच आठवड्यात बाबाही सिंदीला गेले होते, डोमाजीकाकांच्या बंडीचा आस बघायला. म्हणजे पाचवी त्यांनीही पाहिली असणार. त्यांच्या नजरेतून सांध्याची चूक कशी सुटली, कळत नाही. बहुधा माझ्यावर विश्वास होता म्हणून तपासली नसेल. हे जास्त वाईट.

२६ नोव्हेंबर, रविवार

हिंगणघाटला उज्वलाकडे गेले. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या भावाने इंटरनेटचं दुकान टाकलं आहे. दुपारभर बसू दिलं.

फळ्यांची गोष्ट मोठी आहे. सुरुवातीला अखंड लाकडाच्या होत्या, उचलायला दोन माणसं लागतील इतक्या जड. कुठल्याशा बेटांवर राजांच्या लांब असत, बाकीच्यांच्या आखूड. मग कोणीतरी त्यांना पोखरून हलकं केलं, आणि नंतर आमच्यासारख्या बरगड्या घालून वर पातळ लाकूड चढवलं. मग बाल्सा नावाचं हलकं लाकूड आलं, त्यावर काच. मग फोम. मग फळ्या आखूड होत गेल्या आणि खाली एकाच्या जागी तीन पंख आले. दर वेळी आधीच्यांना वाटलं असेल की हेच शेवटचं.

एका जुन्या पोकळ फळीचं चित्र होतं. तिच्या नाकाजवळ एक छोटं बूच होतं. साठसत्तर वर्षांपूर्वी, कुठल्यातरी देशात, कोणालातरी तीच गोष्ट सुचली होती. मी उज्वलाला बोट लावून दाखवलं. ती म्हणाली, "तू रडून काऊन राह्यली? बूचच आहे ना ते."

बाबांना चित्र छापून आणून दाखवलं. त्यांनी चष्मा शोधायला बराच वेळ लावला आणि मग म्हणाले की उद्या बघतो.

३ डिसेंबर, रविवार

पाचवीला वापरलेल्याच डब्यातल्या गोंदाने दोन पट्ट्या जोडल्या आणि आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या. आईची लोणच्याची बरणी घेतली, त्याबद्दल बोलणी खाल्ली. आज काढून पटाशीने फोडल्या. सांधा सुटला नाही. शेजारचं लाकूड फाटलं, पण सांधा तसाच राहिला.

म्हणजे गोंद चांगला आहे. मग चूक माझ्या हाताची. डावी कड जोडली तो दिवस मला आठवतो: त्या सकाळी सेलूचे पाहुणे मला बघून गेले होते आणि माझं लक्ष नव्हतं. शिकंजा नीट आवळला नसेल. आवळल्याचं आठवतं, पण आठवण आपल्याला हवी तशी होते.

९ डिसेंबर, शनिवार

फळीचे साचे भिंतीवरून गेले आहेत. नाकाची उचल, बरगड्यांची उतरती मापं, शेपटीचं वळण, सगळे मी पुठ्ठ्यावर आखून मग प्लायमध्ये कापले होते. बाबा म्हणाले की भिंतीला उधई लागली आहे म्हणून नीलेशजवळ सिंदीला ठेवायला दिले. मी भिंत पाहिली. मला उधई दिसली नाही, पण उधई आतून खाते, तेव्हा नसेलच असं म्हणता येत नाही.

१७ जानेवारी २००७, बुधवार

काल नाचणगावचे पाहुणे आले होते. मुलाचं नाव मधुकर, घरचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या आईने, शालूबाईंनी, तिळगूळ देताना माझा हात धरला आणि उलटा करून तळवा पाहिला. आईने आधी महिनाभर साय चोळली होती. घट्टे बरेच मऊ झाले आहेत.

"काम करते का पोरगी?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, घरकाम सगळं येते. बाबा पानाला चुना लावत होते, खूप वेळ लावत होते.

मधुकरने एकच विचारलं, काही छंद आहे का. मी फळ्यांचं सांगणार होते. मग त्या मुलाचं कपाळ आठवलं आणि म्हटलं, नाही.

संध्याकाळी मी होकार दिला. मी करायला गेले त्यातून एका परक्याला लागलं. आता घरच्यांचं तरी ऐकावं. साक्षगंध होळीच्या आधी काढणार आहेत.

दादा आता गोव्यात सांगतो की फळ्यांचं डिझाईन त्याचं आहे. नीलेशने हसत सांगितलं. समुद्रपूरहून येतात म्हटल्यावर लोकांना आमचं गाव किनाऱ्यावरचं वाटतं, तेही तो दुरुस्त करत नाही. मला राग यायला हवा होता. मला वाटलं, बरं झालं, निदान पुढच्या वेळी कोणाला लागलं तर...

हे वाक्य पूर्ण करत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

नीलेशला ताप होता तरी तो शेडवर गेला, म्हणून आईने डबा घेऊन मला सिंदीला पाठवलं. गोव्याहून आलेला दादाही तिथेच होता, जेवायची वेळ होती. दोन ड्रमांवर एक फळी आडवी टाकून त्यांनी टेबल केलं होतं. वर पाण्याची बाटली, कांदे, कालचा पेपर. मी डबा ठेवला, पोळ्या काढल्या, वाढलं. तेव्हा पेपर सरकला.

पाचवी होती. नाकाजवळ गाठ असलेली पट्टी मी मुद्दाम घेतली होती, ती गाठ मी कुठेही ओळखेन.

डावी कड हाताने पाहिली. सांधा शेवटपर्यंत बंद होता. उजवाही. फाटली होती ती पाठ, मधोमध, लाकडाच्या रेषेने, आणि फाटलेले काठ बाहेर उचललेले होते. आतून फुटली होती. मे महिन्यातल्या दुसरीसारखी.

बेंबीच्या जागी पितळ नव्हतं. काहीच नव्हतं, गुळगुळीत होतं. मग अंगठा फिरवला तेव्हा कळलं. शिवणीचीच गोल गुल्ली ठोकून वर रेझीन दिलं होतं, आणि गुल्लीच्या रेषा पाठीच्या रेषांशी अशा जुळवल्या होत्या की डोळ्याला दिसत नव्हत्या, फक्त बोटाला लागत होत्या.

असं जुळवणारा एकच हात मला माहीत आहे. लहानपणी माझ्या पाटीची चौकट मोडली होती, तिला त्या हाताने अशीच खपली बसवली होती. ती कुठे आहे ते मला कधी शोधून सापडलं नाही.

दादा हात धुवायला म्हणून बाहेर गेला आणि आला नाही. मी नीलेशला विचारलं, हे कोणी केलं.

"तुले माहीत नाई?" तो म्हणाला. "बाबानं. दिवाळीच्या आंधी आलते ना इकडं. दुकानवाला म्हणे भोक असलेली फळी नाई पायजे, गिऱ्हाईक विसरते."

"आणि पुण्याचा पोरगा?"

"कोनता पोरगा?"

मग त्याच्या तोंडावर सगळं आलं. तापाने आधीच लाल होता. पुण्याचा कोणी मुलगा नव्हता. फळी वाळूवर पडली होती, उन्हात. जवळपास कोणी नव्हतं.

मागे भिंतीशी सहा नव्या फळ्या उभ्या होत्या, माझ्या साच्यांच्या. सहाही पाठींवरून अंगठा फिरवला. सहाही बुजवलेल्या.

पोळ्या थंड झाल्या. मी डबा घासून घरी आणला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

बाबांशी बोलले. ते त्यांच्या सुतारकीच्या दुकानात एकटे होते.

मी विचारलं, काऊन केलं असं. त्यांनी विचारलंही नाही की कशाबद्दल.

"तुह्या हाताले घट्टे पडले होते," ते म्हणाले. "सेलूवाल्यायनं तेवढ्यानंच नाई म्हटलं. तुले थांब म्हटलं तर तू थांबली नसती. दोष लागल्याबिगर तू थांबतच नाई, लहानपणापासून. मनून दोष लावला."

मी म्हटलं, मी त्या पोराचे सोमवार केले.

कानशीने त्यांनी काहीतरी घासायला सुरुवात केली, ज्याला घासायची गरज नव्हती.

मग मी नव्या फळ्यांचं विचारलं. बेंबी बुजवली की काय होतं हे या घरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे? दुसरी फुटली तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले की तिकडे आपल्यासारखं ऊन नसतं, समुद्र आहे, गार वारा आहे. पाचवी चुकून दिवसभर तापली. आता दादा सगळ्यांना सावलीत ठेवायला सांगणार आहे. बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही. पण तापून आधीच चिरलेली फळी घेऊन कोणी खोल पाण्यात गेलं, आणि तिथे ती भरली, तर? हे मी विचारलं.

"तू आता त्याच्यात पडू नको," ते म्हणाले. "तुह्यं साक्षगंध आहे."

दादाने मला फसवलं ते मी विसरेनही. त्याने मला ओळखलंच नव्हतं. बाबांनी ओळखलं होतं. मला कुठे धरलं की मी हलणार नाही, हे त्यांना लाकडासारखं माहीत होतं, आणि त्यांनी बरोबर तिथेच धरलं.

त्या आडव्या रेघ मारलेल्या पानावर आज लिहिलं: हे बरोबर होतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

फळ्या शुक्रवारी, साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी, गाडीत चढणार. दादाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ज्योत्स्ना, तू लय विचार करते." गोव्याच्या त्या दुकानाचं नाव विचारलं तर फोन ठेवला.

आईला सांगितलं. आईला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "जो नाई त्या माणसाचे उपास केले तं काय बिघडलं, पुण्यच लागते." मग साडीला फॉल लावायला बसली. तिचे टाके वाकडे जात होते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज सोमवार. जेवले.

बाबांनी दुपारी विचारलं, गिरमीट कुठं आहे. मी म्हटलं, माहीत नाही. ते भोकं पाडायचं हत्यार माझ्या पेटीत आहे, दोन पात्यांसकट, आणि हिंगणघाटहून उज्वलाने आणून दिलेले सहा पितळी स्क्रू आहेत, वॉशर लावून. आयुष्यात बाबांशी बोललेलं हे पहिलं खोटं असावं. आधीची असतील तर मला आठवत नाहीत. त्यांनी क्षणभर पेटीकडे पाहिलं की नुसतं भिंतीकडे, हे मला ठरवता आलं नाही. मग ते म्हणाले, "शिवणीत पातं हळू चालवावं लागते. खालून फाटते." आणि आरा उचलून बाहेर गेले. याचा अर्थ मी काढणार नाही. यापुढे त्यांच्या बोलण्याचे चांगले अर्थ मी माझ्या मनाने काढायचे नाहीत, असं ठरवलं आहे.

भीती वाटते. मधुकरचा काही दोष नाही, आणि शालूबाई तर येताना खणाची साडी आणणार आहेत. माझी वाट बघत मांडवात बसलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. पण कुठल्यातरी खऱ्या मुलाचं कपाळही येतं, ज्याला अजून काही झालेलं नाही.

शेडची किल्ली आमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला असते. साक्षगंधाच्या दिवशी नीलेश, दादा, बाबा, सगळे इथे असतील आणि शेड बंद असेल. सकाळची पहिली गाडी सिंदीला जाते. सहा भोकं पाडायची, स्क्रू बसवायचे, आणि प्रत्येक पाठीवर सुताराच्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहायचं की हे भोक का आहे, कधी उघडायचं, कधी लावायचं, आणि फळी कोणी केली. रेझीनवर पेन्सिल उठत नाही, म्हणून आधी कानस मारावी लागेल. पाहुणे बाराला येणार आहेत. मी परत येईन तेव्हा ते असतील किंवा नसतील.

तारीख आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुरुस्ती करायला जागा राहणार नाही.

गुरुवार, १ मार्च २००७.